अमेरिकेतले पोलीस आणि लॅटिनो समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मी ज्या गल्लीत राहते, तिथली निम्म्याहून जास्त घरं मेक्सिको नाहीतर एल साल्वादोरकडची आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या. तेव्हापासून पुण्या-नाशिकचे नातेवाईक आणि न्यू जर्सी-टेक्सासमधले मराठी मित्र फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. स्वतःचं प्रकरण असेल तर वकील गाठा.

लॅटिनो आणि हिस्पॅनिक एकच का? आणि हा वंश मानायचा का?

रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. काटेकोर बोलायचं तर हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेले आणि लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेले. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो असतो, पण हिस्पॅनिक नसतो. अमेरिकी जनगणनेने हा वंश धरला नाही, त्यासाठी वेगळा रकाना ठेवला. गोरे, काळे, मूळनिवासी असे सगळे लॅटिनो असू शकतात. वंशाचा आणि लॅटिनो असण्याचा असे दोन्ही प्रश्न एकत्र करायचं २०२४ मध्ये ठरलं. २०२० च्या जनगणनेत लॅटिनो ६ कोटी २१ लाख होते, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करते. लॅटिनो म्हणजे स्थलांतरित, हे समीकरण चूक आहे. बहुसंख्य लॅटिनो अमेरिकी नागरिक आहेत. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक १९१७ पासून नागरिक आहेत. टेक्सासमधली कित्येक घराणी तर सरहद्द आखली जाण्याआधीपासून तिथेच आहेत.

शहर पोलीस, शेरीफ, आयसीई हे सगळे एकाच खात्याचे ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे शिपायापासून महासंचालकांपर्यंत राज्याचं एकच दल असतं. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी दलं आहेत. शहराचे पोलीस महापौर आणि नगर परिषदेच्या हाताखाली असतात. काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ बहुतेक ठिकाणी मतदानाने निवडून येतो आणि तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. आयसीई (कागदपत्रं नसलेल्यांना पकडून परत पाठवणारं) आणि बॉर्डर पेट्रोल (सरहद्दीवर गस्त घालणारं) ही केंद्राची खाती. दारात आलेला माणूस यांपैकी कोणाचा, हे गणवेशावरून पटकन कळत नाही. अंगावर 'पोलीस' असं लिहिलेलं जॅकेट आयसीईचे लोकही घालतात. त्यामुळे एका खात्याने केलेल्या कामाचा राग दुसऱ्या खात्यावर निघतो.

पोलिसांत लॅटिनो आहेत तरी किती?

केंद्रीय न्याय सांख्यिकी विभाग ठरावीक वर्षांनी ही मोजणी करतो. १९८७ मध्ये स्थानिक पोलिसांत लॅटिनो ५ टक्क्यांच्या आत होते, २०२० मध्ये सुमारे १४ टक्के झाले. वाढ मोठी आहे, पण लोकसंख्येतला वाटा अजून गाठलेला नाही.

देशाच्या सरासरीवरून एखाद्या गावाचं चित्र मात्र कळत नाही. लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस दलात आज निम्म्याच्या आसपास अधिकारी लॅटिनो आहेत, शहराच्या लोकसंख्येतही त्यांचं प्रमाण तेवढंच. दुसरीकडे, जिथे लॅटिनो वस्ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढली अशा लहान गावांत दल जुन्याच चेहऱ्यांचं राहतं. लोक आधी येतात आणि भरती मागून होते.

इतकी वर्षं ते कमी का राहिले?

कारणं साधी होती आणि कागदावर तटस्थ दिसत होती. एक कारण उंचीची अट. अनेक दलांत पाच फूट सात-आठ इंच उंची लागायची. त्यात बायका बाद व्हायच्या आणि मेक्सिकन वंशाचे पुष्कळ पुरुषही. १९७७ मध्ये अलाबामाच्या तुरुंगरक्षकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट भेदभाव करणारी ठरवली. तो खटला एका बाईने लढला होता, फायदा सगळ्यांना झाला. लॉस एंजेलिसमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयीन समझोत्यातून स्त्रिया, काळे आणि लॅटिनो यांच्या भरतीची उद्दिष्टं ठरली. त्यामागेही एका महिला पोलीस अधिकाऱ्यानेच लावून धरलेला दावा होता. दुसरं कारण नागरिकत्वाची अट, तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिलं आहे.

तिसरं कारण घरातलं. ज्या आजोबांनी पोलिसांचा मार खाल्ला, त्यांच्या नातवाने पोलिसाचा बिल्ला लावायचा हे घराला सहज पचत नाही.

ग्रीन कार्डवर पोलीस होता येतं का? (हा प्रश्न मराठी आईवडिलांकडूनही येतो.)

राज्यावर अवलंबून आहे. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्य पोलिसांसाठी नागरिकत्वाची अट घालू शकतं. १९८२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्यांच्या, पदांबाबतही तसाच निकाल लागला. पण अट घालता येते, घालावीच लागते असं नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून ती काढली. कामाचा कायदेशीर परवाना असेल तर अर्ज करता येतो. इलिनॉयने २०२४ पासून 'डाका' योजनेतल्या, म्हणजे लहानपणी कागदपत्रांशिवाय आणल्या गेलेल्या तरुणांनाही दार उघडलं. बाकी बऱ्याच राज्यांत अट कायम आहे. अर्जाआधी त्या त्या दलाची जाहिरात नीट वाचा.

एवढा अविश्वास कुठून आला?

तो एका दिवसात आलेला नाही. २८ जानेवारी १९१८ रोजी टेक्सासच्या पोर्वेनीर गावात टेक्सास रेंजर्स या राज्याच्या पोलीस दलाने मेक्सिकन वंशाच्या १५ पुरुषांना आणि मुलांना घराबाहेर काढून गोळ्या घातल्या. १९१९ मध्ये होसे तोमास कानालेस या आमदाराने रेंजर्सच्या अत्याचारांची विधिमंडळात चौकशी लावली. १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी ढगळ सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना रस्त्यावर मारलं, आणि पोलिसांनी अटक केली ती मुख्यतः पोरांना. १९५१ च्या नाताळात याच शहरात कोठडीतल्या सात जणांना पोलिसांनी बेदम मारलं. त्यांतले पाच मेक्सिकन-अमेरिकन होते. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चानंतर पत्रकार रुबेन सालाझार एका बारमध्ये बसले होते. शेरीफच्या माणसाने आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून ते गेले. खटला कोणावरच झाला नाही.

सान्तोस रॉड्रिगेझची गोष्ट मला सगळ्यात जड जाते. डॅलस, २४ जुलै १९७३. पेट्रोल पंपावरच्या यंत्रातून आठ डॉलर चोरीला गेल्याचा संशय. १२ वर्षांच्या सान्तोसला आणि १३ वर्षांच्या त्याच्या भावाला पोलिसांनी रात्री अंथरुणातून उठवून नेलं, बेड्या घातल्या आणि गाडीत बसवलं. खरं बोल म्हणून एका अधिकाऱ्याने सान्तोसच्या डोक्याला पिस्तूल लावून चाप ओढला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढला, आणि पोर भावाच्या डोळ्यांदेखत बसल्या जागी गेलं. पंपावर मिळालेले ठसे दोघांपैकी कोणाचेच नव्हते. त्या अधिकाऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, भोगली त्याच्या निम्मी. डॅलस पोलिसांनी जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये, एडी गार्सिया यांनी. ते त्या दलाचे पहिले लॅटिनो प्रमुख. म्हणजे माफीला ४८ वर्षं लागली.

ह्यूस्टनमध्ये १९७७ साली होसे कॅम्पोस टोरेस या २३ वर्षांच्या माजी सैनिकाला पोलिसांनी मारहाण करून नदीत ढकललं आणि तो बुडाला. राज्याच्या न्यायालयात दोघा अधिकाऱ्यांना एक वर्षाचं प्रोबेशन आणि एक डॉलर दंड झाला. तो एक डॉलर तिथले म्हातारे लोक अजून विसरलेले नाहीत.

भाषेचा प्रश्न खरंच इतका मोठा आहे का?

हो. ५ मे १९९१ ला वॉशिंग्टनच्या माउंट प्लेझंट भागात एका नवख्या अधिकाऱ्याने अटक करताना एल साल्वादोरच्या माणसावर गोळी झाडली. वस्तीत दंगल उसळली आणि काही दिवस चालली. १९९३ मध्ये नागरी हक्क आयोगाने अहवाल दिला, त्यात पोलिसांत स्पॅनिश बोलणारे किती कमी आहेत यावर बोट ठेवलं होतं. आणि हे देशाच्या राजधानीत.

दुसरं उदाहरण अगदी एका शब्दाचं आहे. अटकेतल्या माणसाची चौकशी करण्याआधी पोलिसाला सांगावं लागतं, की वकील परवडत नसेल तर फुकट मिळेल. एका तपास अधिकाऱ्याने स्पॅनिशमध्ये 'लिब्रे' हा शब्द वापरला. इंग्रजी 'फ्री'चे दोन अर्थ होतात, स्पॅनिशमध्ये त्यांना दोन शब्द आहेत. 'लिब्रे' म्हणजे मोकळा, रिकामा. फुकटला 'ग्रातीस' म्हणतात. आपल्याकडे 'फुकट वकील' म्हणायच्या जागी कोणी 'मोकळा असलेला वकील मिळू शकेल' असं सांगितलं तर काय समजायचं? २०१३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हेच म्हटलं आणि हक्क नीट समजावले गेले नाहीत असा निकाल दिला.

आणि न्यायालयापर्यंत न जाणारी रोजची गोष्ट म्हणजे पोरांना दुभाषी करणं. नवऱ्याने मारल्याची तक्रार, आईला इंग्रजी येत नाही, मारणाऱ्या नवऱ्याला येतं. पोलीस आधी नवऱ्याचं ऐकतो, मग आठ-नऊ वर्षांच्या मुलीला विचारतो, 'आई काय म्हणते?' बापाने काय केलं हे त्या पोरीने बापासमोर सांगायचं.

मग स्पॅनिश येणारे अधिकारी घेतले की झालं?

पुष्कळसं होतं, पण सगळं नाही. दुभाषी अधिकाऱ्याला स्वतःची गस्त सांभाळून सगळ्यांच्या पंचनाम्यांना पळावं लागतं. काही दलं त्यासाठी भत्ता देतात, काही देत नाहीत. घरात बोलली जाणारी स्पॅनिश आणि जबानी लिहून घेण्याची स्पॅनिश यांत फरक आहे, चाचणी घेतल्याशिवाय तो कळत नाही.

आणि सगळे लॅटिनो स्पॅनिश बोलत नाहीत. २०१० च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागात ग्वातेमालाहून आलेल्या एका मजुराच्या हातात चाकू होता. पोलिसांनी इंग्रजीत सांगितलं, स्पॅनिशमध्ये सांगितलं, मग गोळी झाडली. त्याची मातृभाषा किचे होती, माया लोकांची. मेक्सिकोतल्या ओहाकाकडून आलेल्या मिश्तेक, झापोतेक मजुरांची तीच गत आहे. 'लॅटिनो म्हणजे स्पॅनिश' हे समीकरण इथे जिवावर बेतलं.

पोलिसांना बोलावलं तर ते इमिग्रेशनला कळवतात का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं एक उत्तर नाही.

लॉस एंजेलिस पोलिसांनी १९७९ मध्येच विशेष आदेश क्रमांक ४० काढला. फक्त कागदपत्रं तपासण्यासाठी कोणाला अडवायचं नाही. तो काढणारे प्रमुख डॅरिल गेट्स मवाळ म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत, पण साक्षीदार पुढे आल्याशिवाय गुन्हे उलगडत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. २०१८ पासून कॅलिफोर्नियात राज्याचा कायदाच स्थानिक पोलिसांना तसं विचारायला मनाई करतो. टेक्सासच्या २०१७ च्या कायद्याची दिशा उलटी आहे, तिथे शहरं पोलिसांना असं विचारण्यापासून रोखू शकत नाहीत. त्याशिवाय १९९६ च्या कायद्यातलं २८७(जी) कलम आहे. त्याखाली केंद्राशी करार करून स्थानिक पोलीस इमिग्रेशनचं काम करू शकतात. २०२५ मध्ये अशा करारांची संख्या हजाराच्या वर गेली.

एक बारकावा सगळीकडे लागू आहे. अटक होऊन बोटांचे ठसे घेतले, की ते केंद्राच्या यंत्रणेत जातातच. शहराचं धोरण काहीही असो. तक्रार करणाऱ्याचे ठसे घेत नाहीत. पण भांडणात पोलिसांनी दोघांनाही उचललं, तर मार खाणारीचेही जातात.

या भीतीचा परिणाम दाखवता येतो का?

येतो. २०१३ मध्ये शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि फिनिक्स या शहरांच्या काउंटींत दोन हजारांवर लॅटिनो लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ४४ टक्के म्हणाले, की पोलीस इमिग्रेशनचं विचारतील या भीतीने आपल्यावर गुन्हा घडला तरी आपण पोलिसांकडे जाण्याची शक्यता कमी. कागदपत्रं नसलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होतं. २०१७ च्या पहिल्या तिमाहीत ह्यूस्टनमध्ये लॅटिनो समाजातून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक घटल्या. तिथले तेव्हाचे प्रमुख आर्ट असेवेडो, जन्माने क्यूबाचे, यांनी हा आकडा जाहीर करून सांगितलं, की लोक गुन्ह्यांची तक्रार करेनासे झाल्याची ही सुरुवात दिसते.

यू व्हिसा म्हणजे काय?

ठरावीक गंभीर गुन्ह्यांचा बळी असलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या माणसासाठी २००० सालच्या कायद्याने ठेवलेला व्हिसा. वर्षाला फक्त १० हजार मिळतात, रांग अनेक वर्षांची असते. अर्जाला पोलिसांचं, सरकारी वकिलांचं किंवा न्यायाधीशांचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. काही दलं ते लगेच देतात, काही देतच नाहीत. एकाच गुन्ह्याला शेजारच्या दोन गावांत दोन नशिबं मिळतात, हे मला पटत नाही.

फक्त दिसण्यावरून थांबवता येतं का?

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी थांबवता येत नाही. पण इतर कारणांबरोबर तो एक मुद्दा धरता येतो, हेही सांगितलं. त्या 'पण'वर पुढची पन्नास वर्षं भांडणं झाली. ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो यांच्या दलाने लॅटिनो चालकांना वेचून थांबवल्याचं २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ठरवलं. आदेश न पाळल्याबद्दल ते २०१७ मध्ये दोषी ठरले आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधला एक अंतरिम आदेश स्थगित केला. वंश, भाषा, कामाचं स्वरूप आणि ठिकाण एवढ्यावरच लोकांना थांबवायला त्या आदेशाने इमिग्रेशन अधिकाऱ्यांना मनाई केली होती.

आपला संबंध? बाजारात माझ्याशी लोक आधी स्पॅनिशमध्येच बोलतात. थांबवणाऱ्याला तरी फरक कुठे कळणार आहे.

लॅटिनो प्रमुख आणि अधिकारी आले की वागणूक सुधारते का?

काही अंशी. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात शिकागोचा मोठा अभ्यास आला. सारख्याच परिस्थितीत गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा लॅटिनो अधिकारी कमी लोकांना थांबवतात आणि बळ कमी वापरतात असं त्यात दिसलं. काळ्या अधिकाऱ्यांत हा फरक जास्त होता. म्हणजे भरतीला अर्थ आहे.

पण युवाल्डीही आहे. टेक्सासचं हे गाव बहुतांश लॅटिनो. २४ मे २०२२ ला रॉब प्राथमिक शाळेत बंदूकधारी शिरला. ३७६ अधिकारी जमले, त्यांत कितीतरी लॅटिनो, त्याच गावचे. शाळा पोलिसांचे प्रमुखही लॅटिनो. वर्गातली मुलं ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करत होती, बाहेर आईबापांना पोलीस अडवून धरत होते, आणि दार उघडायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलिसांचे आणि पालकांचे चेहरे सारखे, भाषा सारखी, आडनावंही सारखी.

लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ दलात पूर्व लॉस एंजेलिसच्या ठाण्यात 'बॅन्डिटोस' नावाची पोलिसांचीच टोळी असल्याच्या तक्रारी झाल्या. टोळीची खूण अंगावर गोंदवून घेणारे ते बहुतेक लॅटिनो, आणि त्यांनी मारल्याची तक्रार करणारे सहकारीही लॅटिनो. दलाची स्वतःची रीत बिघडलेली असेल तर नवा माणूसही तीच उचलतो.

बॉर्डर पेट्रोलमध्ये इतके लॅटिनो कसे?

जवळपास निम्मे. सरहद्दीवरच्या गावांत चांगल्या पगाराची, विमा आणि पेन्शन असलेली नोकरी दुसरी फारशी नाही, आणि भरतीनंतर स्पॅनिश शिकावीच लागते. त्यांना घरभेदी म्हणणारे लोक भेटतात. मला तसं म्हणवत नाही. पोट आहे.

वाहतूक पोलिसांच्या दंडाच्या पावतीवर लॅटिनो चालकाच्या नावापुढे 'गोरा' का लिहिलेलं असतं?

कारण वंशाचा रकाना वेगळा आहे (पहिला प्रश्न पाहा). २०१५ मध्ये टेक्सासच्या एका वृत्तवाहिनीने शोधलं, की राज्याचे पोलीस लॅटिनो चालकांची नोंद सर्रास गोरे म्हणून करत होते. अशा नोंदींवरून 'भेदभाव दिसत नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे मापच खोटं असताना वजन बरोबर म्हणणं. त्यानंतर तिथे चालकाला विचारून नोंद करायचा आदेश निघाला.

संबंध बिघडलेल्या गावात ते सुधारलेत, असं कुठे झालंय का?

कनेक्टिकटमधलं ईस्ट हेवन बघा. २००९ मध्ये तिथल्या इक्वेडोरी जोडप्याच्या दुकानात पोलीस आले असताना एका कॅथलिक पाद्र्याने कॅमेरा सुरू केला. त्याला अटक झाली. अहवालात लिहिलं, की त्याच्या हातात 'अनोळखी चकचकीत वस्तू' होती. चित्रीकरणात मात्र अधिकारी स्वतःच कॅमेऱ्याबद्दल विचारताना दिसतो. न्याय खात्याने २०११ मध्ये भेदभाव सिद्ध असल्याचं कळवलं, २०१२ मध्ये चार अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि चौघेही दोषी ठरले. लॅटिनो समाजासाठी आज काय करणार असं पत्रकाराने विचारलं, तर महापौर म्हणाले, घरी जाऊन टाको (मेक्सिकन पदार्थ) खाईन कदाचित. त्यानंतर समझोता झाला: थांबवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद, तक्रारीची चौकशी, दुभाषे, बाहेरचा निरीक्षक. अनेक वर्षं हे काम चाललं. न्यूयॉर्कजवळच्या सफोक काउंटीतही २०१४ मध्ये असाच करार झाला.

'पोलिसाबरोबर कॉफी' हा उपक्रम २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावात सुरू झाला. चांगला आहे. पण कॉफी प्यायला तोच येतो ज्याला भीती नाही. आमच्या चर्चच्या सभागृहात झालेल्या अशाच एका बैठकीत एक आजी दाराशी उभीच राहिली. अधिकारी चोऱ्यांचे आकडे सांगत होता. शेवटी तिने एवढंच विचारलं, 'मी फोन केला तर तुम्ही आधी काय विचारता?' तो म्हणाला, 'कुठून बोलता, आणि कोणाला लागलंय का.' तेव्हा ती खुर्चीवर बसली.

माझ्या आईला फक्त मराठी येतं. ती इथे एकटी असताना ९११ ला फोन करावा लागला तर?

करावा. बहुतेक केंद्रांना फोनवर दुभाषे जोडण्याची सोय असते आणि मराठीचे दुभाषेही मिळतात. २००० सालचा भाषा-सुविधेचा राष्ट्राध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, पण केंद्राचा पैसा घेणाऱ्या दलांना १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू आहेच. आईला इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ करायला लावा: 'मराठी प्लीज', राहता पत्ता, आणि 'हेल्प'. पत्ता फ्रिजवर मोठ्या देवनागरीत, इंग्रजी उच्चारासह लिहून ठेवा. आणि दुभाषा जोडेपर्यंत फोनवर शांतता असते, तेव्हा फोन ठेवू नकोस, हे तिला आधीच सांगा.